एक कोपरा वर

मी एक जुना लाकडी पंचकोन आहे, आणि मित्रांनो, पुढे काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो: माझा सहावा मणी हरवलेला नाही. तो कधी नव्हताच. मला पाचच काळे मणी आहेत, लिंबाएवढे, आणि ते पाच काड्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. प्रत्येक काळ्या मण्याला दोन-दोन छोटे पांढरे मणी. काळा म्हणजे कार्बन आणि पांढरा म्हणजे हायड्रोजन. एवढे सगळे मिळून मी होतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात माझे नाव चांगले लांबलचक आहे, पण ते उच्चारायला कुणाला वेळ नसतो. सगळे मला 'तो पाचाचा' म्हणतात.

हे मी इतक्या घाईने सांगतो, कारण गेली कित्येक वर्षे जो येतो तो माझ्याकडे बघून आधी हळहळतो. मग खाली वाकून कपाटाखाली हात घालतो आणि धुळीने भरलेला हात बाहेर काढून म्हणतो, "एक मणी गेलाय वाटतं." एका उत्साही विद्यार्थ्याने तर माझी एक काडी उपटून तिथे भलताच लाल मणी कोंबला आणि सहा झाल्याच्या आनंदात शीळ घालत निघून गेला. तो लाल मणी बरेच दिवस माझ्या अंगात होता. घरात न बोलावलेला पाहुणा बसून राहावा आणि त्याला 'उठा' म्हणता येऊ नये, तसे माझे झाले.

तुम्ही म्हणाल, लाकडाच्या वस्तूने एवढे वैतागावे का? खरे सांगायचे तर मलाही ती शंका येते. माझ्यापेक्षा वाईट दिवस पाहिलेल्या वस्तू त्याच कपाटात होत्या आणि त्या गप्प असत. पण आता सुरुवात केलीच आहे, तर सांगतो. कंटाळा आला तर पान उलटा, मला वाईट वाटणार नाही. थोडे वाटेल.

माझा जन्म एका कातार्‍याच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. आमचे कातारीकाका खुर्च्यांचे पाय, कपाटांच्या मुठी आणि बुद्धिबळाची प्यादी करत. एकदा महाविद्यालयातले मोठे सर त्यांच्याकडे आले आणि रेणूंचे लाकडी नमुने करून मागू लागले.

"खेळणी आहेत का?" काकांनी विचारले.

"खेळणीच समजा. मोठ्या मुलांची."

"मग रंग पक्का देतो. मोठी मुलं जास्त आपटतात."

काकांनी मणी कातले, घासले, रंगवले. मग प्रत्येक काळ्या मण्याला गिरमिटाने चार भोके पाडायची होती, आणि ती कुठेही पाडून चालणार नव्हती. कार्बनचे चार हात ठरलेल्या कोनात पसरतात. ते एकमेकांपासून शक्य तितके लांब राहतात, एकशे साडेनऊ अंशांच्या जवळपास. सरांनी त्यासाठी लोखंडी साचा आणून दिला होता. काका साच्यात मणी बसवत, गिरमिट फिरवत, भुसा फुंकत आणि पुढचा मणी घेत.

आम्ही भावंडे चार. सगळ्यांत धाकटा तिघांचा, म्हणजे तीन काळ्या मण्यांचा. त्याच्या काड्या जुळेनात, म्हणून त्याला स्प्रिंगा लावाव्या लागल्या, आणि तेव्हापासून तो सदा ताणलेला. त्याच्यावरचा चौघांचा, तोही स्प्रिंगांवरच. सगळ्यांत थोरला सहा जणांचा. तो असा ऐटीत बसतो, की डोके वर, पाय खाली, जणू आरामखुर्ची. आणि मी चौघांचा नि थोरला यांच्या मधला. मधल्या भावंडाचे घरात काय होते, हे ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळे सांगायला नको.

माझी पाळी येईपर्यंत गिरमिट झिजले होते. त्याचे टोक थरथरू लागले आणि माझ्या मण्यांची भोके केसभर मोठी पडली. काड्या बसल्या, पण त्या हलत राहिल्या. मला टेबलावर ठेवले की माझा एक कोपरा आपोआप वर उचलला जाई. जरा हलवले की तो खाली येई आणि शेजारचा वर जाई.

काकांचा चेहरा पडला. "सर, हा ढिला झाला. दुसरा करून देतो. याचे पैसे नकोत."

सरांनी मला हातात घेतले, एकदा हलवले, परत हलवले. मग हसायला लागले.

"हा मी देणार नाही तुम्हाला," ते म्हणाले. "हाच खरा आहे."

"ढिला आहे सर."

"असाच असतो तो. बघा, पाचाचा सरळ सपाट पंचकोन काढला, तर कोन छान जुळतो. पण मग हे दहा पांढरे मणी एकमेकांसमोर येतात. एका बाकावर दाटीवाटीने दहाजण बसवले तर काय होईल?"

"एखादा उठून उभा राहील."

"तेच. एक कोपरा वर उठतो, सगळ्यांना थोडी जागा होते. पण त्या एकानेच किती वेळ उभं राहायचं? मग तो बसतो आणि शेजारचा उठतो. असं गोल गोल चालू राहतं."

काकांना ते पटले की नाही, कोण जाणे. त्यांनी मला कागदात गुंडाळले आणि पैसे मात्र नेहमीपेक्षा कमीच घेतले.

पहिली वर्षे चांगली गेली. सर मला वर्गात नेत आणि काही न बोलता टेबलावर ठेवत. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "सर, ते तिरकं झालंय." सर म्हणत, "का झालं असेल?" आणि तिथून तास सुरू होई. पाकिटाचे झाकण उघडे असावे तसा मी दिसतो, म्हणून सर माझ्या त्या बसण्याला 'उघडं पाकीट' म्हणत.

माझ्या नात्यागोत्याबद्दलही सर भरभरून बोलत. तुम्ही साखर खाता ना? तिच्या प्रत्येक रेणूत अणूंची दोन वलये जोडलेली असतात, एक सहा जणांचे आणि एक पाच जणांचे. तुमच्या रक्ताला ज्याने लाल रंग येतो, त्यात पाच जणांची चार वलये लोखंडाच्या एका अणूभोवती फेर धरून उभी असतात. पानांच्या हिरव्या रंगातही तशीच चार आहेत, फक्त मध्ये लोखंड नसते. आंबट फळांतले ते जीवनसत्त्व, ज्यावरून तुमची आई तुमच्या मागे लागते, त्याच्या मुळाशीही पाचाचेच वलय आहे. या सगळ्यांत प्रत्येक कोपऱ्यावर कार्बनच असतो असे नाही. कुठे नायट्रोजन बसतो, कुठे ऑक्सिजन. पण पंगत पाचाचीच.

आणि तरीही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कोण? सहाचा. दाराच्या पाटीवर कोण? सहाचा. स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी सदऱ्यांवर कोण छापला? सहाचा. माझा त्याच्यावर राग नाही. थोरला भाऊ आहे. पण वहीत मला काढताना मुले वरच्या कोपऱ्याला छप्पर समजतात, खाली दार काढतात, बाजूला खिडकी काढतात आणि वर धूर सोडतात. सहाच्या अंगावर कुणी धुराडे काढलेले मी पाहिले नाही.

मग सर निवृत्त झाले. भिंतीवर पांढरा पडदा आला आणि त्याच्यावर रंगीत रेणू आपोआप फिरू लागले. आम्हाला पत्र्याच्या पेटीत टाकण्यात आले. पेटी उथळ होती. माझा वर आलेला कोपरा झाकणाला लागे, म्हणून भांडाराचे काम बघणारा माणूस मला तळहाताने दाबून सपाट करी आणि वर पटकन झाकण लावून घेई. झाकण उघडले, की माझा कोपरा परत वर. "हट्टी आहे," तो म्हणे. मी हट्टी? पुढे कुणीतरी मला पेटीतून काढून चहाच्या कपाखाली ठेवले, आणि माझ्या दोन पांढऱ्या मण्यांना तपकिरी डाग पडले. कप कलंडला तेव्हाही दोष मलाच मिळाला. ढिला आहे म्हणे.

त्या कपाखालून मला आमच्या बाईंनी सोडवले.

बाई त्या विभागात रसायनशास्त्र शिकवत, पण पक्क्या नोकरीवर नाही. दर वर्षी नवा करार, दर उन्हाळ्यात तीच धाकधूक. त्यांचे शिकवणे मी कपाटावरून ऐकले आहे. त्या मुलांना प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत खरोखरच थांबत, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. त्या वर्षी विभागात एक कायमची जागा निघाली. बाईंचे वय अशा जागेसाठीच्या मर्यादेला येऊन टेकले होते. ही जागा हुकली, तर पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नव्हता. निवड समितीसमोर एक तास घेऊन दाखवायचा होता, आणि समितीने आदल्या दिवशी विषय दिला: पाच जणांची वलये.

बाईंनी मला पुसले, लाल मणी काढून टाकला, माझी काडी जागेवर बसवली आणि दोनदा हलवून पाहिले. कोपरा वर आला, खाली गेला, शेजारचा वर आला. त्या स्वतःशीच हसल्या. मग शालीत गुंडाळून मला घरी घेऊन गेल्या.

आता या घरातल्या बाबांबद्दल सांगायला हवे. बाबा म्हणजे बाईंचे सासरे. ते बसगाड्यांच्या कार्यशाळेत फिटर होते. चाकांचे नट आवळण्यात त्यांचे सगळे आयुष्य गेले होते आणि त्यांच्या हातून गेलेल्या गाडीचे चाक कधी निसटले नव्हते. निवृत्त झाल्यावर बसगाड्या संपल्या, पण हाताची सवय गेली नाही. घरातले जे जे हलत होते ते ते त्यांनी आवळले. खुर्च्या आवळल्या, कढईचे कान आवळले, चष्म्याच्या दांड्या इतक्या आवळल्या की चष्मा घालताना कान दुखत.

जेवणाच्या टेबलावर बाई माझ्यासमोर तासाची तयारी करत होत्या. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपरच्या वरून माझ्याकडे बघत होते.

"अगं, हे डुगडुगतंय."

"हो बाबा, ते तसंच असतं," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"उद्या साहेबलोकांसमोर न्यायचं ना?"

"हो ना."

"हं," बाबा म्हणाले.

बाईंचा नवरा आतून ओरडला, "बाबा, बेडरूमची खिडकी उघडत नाहीये. तुम्ही काही केलंत का?"

"वाऱ्याने वाजत होती."

"अहो, पण आता ती खिडकीच राहिली नाही. भिंत झालीये."

बाई हसल्या, कागद आवरले आणि स्वयंपाकाला गेल्या. मला टेबलावरच सोडून. मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आले असते तर मी बोललो असतो. बाबांनी पेपर घडी घालून ठेवला. कपाटातून सुतारकामाचा पांढरा सरस काढला. माझी एकेक काडी ओढून भोकात थेंब सोडला, काडी परत बसवली, पुसून घेतली. काम इतके स्वच्छ, की एक ओघळ दिसू नये. मग मला टेबलावर दाबून सपाट केले आणि वर एक जाडजूड शब्दकोश ठेवला.

मी काय सांगू? त्यांच्या बोटांत राग नव्हता, घाई नव्हती. सून उद्या मोठ्या लोकांसमोर उभी राहणार, तिच्या हातातली वस्तू डुगडुगता कामा नये, एवढेच त्यांच्या मनात होते. माझ्यावर इतक्या मायेने कुणीच काम केले नव्हते. आणि त्याच मायेने माझी पुरती वाट लागत होती. ज्याच्यावर धड चिडताही येत नाही, अशा माणसाइतका वैताग दुसरा नाही.

सकाळी मी दगडासारखा झालो होतो. बाबांनी मला शब्दकोशाखालून काढले, हलवून पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. बाई गडबडीत होत्या. बाबांनीच मला शालीत गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवले.

"तुझं ते पाचाचं ठेवलंय," ते म्हणाले. "काळजी करू नको."

"बरं झालं बाबा, मी विसरलेच असते."

वर्गात पुढच्या बाकांवर विद्यार्थी होते आणि मागे समितीचे तिघे. मध्ये अध्यक्ष बसल्या होत्या, पिकल्या केसांच्या एक प्राध्यापिका. त्यांनी अजून कुणालाही हसून नमस्कार केला नव्हता. बाईंनी फळ्यावर पंचकोन काढला, कोन लिहिले, आणि म्हणाल्या, "कागदावर हा सपाट दिसतो. पण खरा रेणू कसा बसतो ते आता बघू या."

त्यांनी मला शालीतून काढून टेबलावर ठेवले. मी सपाट बसलो.

बाईंनी मला हलवले. काही नाही. परत हलवले. मी ताटलीसारखा आख्खाच्या आख्खा सरकलो. पहिल्या बाकावर कुणीतरी फिसकन हसले.

"हे तर सपाटच आहे," मागून अध्यक्ष म्हणाल्या.

बाईंनी मला उचलून डोळ्यांजवळ नेले. सरसाचा वास त्यांच्या नाकात गेला असणार, कारण त्यांचे डोळे क्षणभर मिटले. आता त्या मला बाजूला ठेवतील, फळ्यावरच काहीतरी काढतील आणि घाईघाईने तास संपवतील, असे मला वाटले. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केले असते. मी तर टेबलाखालीच गेलो असतो.

"हो मॅडम, सपाट आहे," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळपर्यंत नव्हता. माझ्या सासऱ्यांना काही ढिलं बघवत नाही. त्यांनी याला सरस लावलाय."

वर्ग हसला. समितीतले एक गृहस्थही हसले, पण शेजारी बघून थांबले.

"म्हणजे आज आपल्यापुढे एक असा रेणू आहे, ज्याला जबरदस्तीने सपाट बसवलंय," बाई पुढे म्हणाल्या. "तर आता हेच बघू, की तसं बसवलं तर याचं काय होतं."

त्या बाकांमधून चालत थेट मागे गेल्या आणि मला अध्यक्षांच्या हातात दिले.

"एक डोळा मिटून या काडीच्या रेषेत बघा. पुढच्या काळ्या मण्याचे दोन पांढरे मणी दिसतात. मागच्या काळ्याचे कुठे आहेत?"

अध्यक्षांनी चष्मा वर सारला. "पुढच्यांच्या आड."

"बरोबर मागे?"

"बरोबर मागे."

"पाचही काड्यांवर असंच आहे. प्रत्येकजण दुसऱ्याच्या अंगावर. असं बसणं त्याला महाग पडतं, म्हणून खरा रेणू असा बसून राहत नाही." बाईंनी मला परत घेतले, सगळ्यांना दिसेल असे वर धरले आणि दोन्ही हातांनी पिळले.

कडाड आवाज झाला. मित्रांनो, दुखले. खोटे कशाला बोलू? पण चार काड्यांवरचा सरस सुटला, आणि माझा एक कोपरा वर आला. पांढरे मणी एकमेकांच्या आडून बाहेर निघाले.

"आता बघा," बाई म्हणाल्या. पहिल्या बाकावरची मुलगी उठून जवळ आली, तिने एक डोळा मिटला आणि म्हणाली, "मागचे दिसायला लागले." मग रांगच लागली.

अध्यक्षांनी रांग संपू दिली. "ही वस्तू महाविद्यालयाची होती ना?"

"होती मॅडम. दुरुस्ती माझ्याकडे."

"मग एक सांगा. पाच जणांची सगळीच वलयं अशी एक कोपरा वर करून बसतात?"

हा सापळा होता. हो म्हटले असते तर संपले असते. पण बाई घाईत नव्हत्या.

"नाही. काही अगदी सपाट असतात. रक्ताच्या लाल रंगातली चार वलयं घ्या. त्यांच्या बंधांतले काही इलेक्ट्रॉन एका जागी न राहता सगळ्या वलयात वाटले जातात. ती वाटणी चालू राहायची, तर सपाट राहणं त्यांच्या फायद्याचं असतं. याच्याकडे वाटण्यासारखं तसं काही नाही." त्यांनी मला टेबलावर ठेवले. "ती आपणहून सपाट असतात. याला कुणीतरी चिकटवलंय. बाहेरून बघताना दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर इतकी गफलत होते."

अध्यक्षांनी मान हलवली नाही. कागदावर काहीतरी लिहिले आणि म्हणाल्या, "पुढे चालू द्या."

निकाल नंतर कळवणार होते. बाई घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. बाबा दारातच होते.

"कसं झालं? घट्ट राहिलं ना?"

बाईंनी चप्पल काढायला जरा जास्तच वेळ घेतला. "राहिलं, बाबा."

त्या हातपाय धुवायला गेल्या. बाबांनी पिशवीतून मला काढले, आणि माझा कोपरा त्यांच्यासमोर वर आला. त्यांनी तो दाबला. तो परत वर आला.

"सरस हलका निघाला," ते पुटपुटले. "आजकाल मालात दम नाही."

आणि ते बारीक तार आणि पक्कड घेऊन आले. तार, मित्रांनो. आता हा माणूस मला तारेने बांधणार होता. सरस निदान लाकडाच्या जातीचा तरी वाटतो. मी पार खचलो.

बाई टॉवेलने हात पुसत आल्या आणि थबकल्या. सासऱ्यांना उलटून बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. या घरात आल्यापासून त्यांनी आवळलेल्या खुर्च्या, न उघडणारी बरणी, कान चावणारा चष्मा, सगळे हसून चालवून घेतले होते.

"बाबा, राहू द्या."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"बाबा, तार ठेवा खाली. मी मघाशी खोटं बोलले. ते घट्ट राहिलं नाही, मीच मोडलं. ते ढिलंच हवं होतं. ढिलं असणं हेच मला तिथे दाखवायचं होतं."

बाबांनी पक्कड खाली ठेवली. खुर्चीवर बसले. ती खुर्ची अर्थातच जराही कुरकुरली नाही.

"म्हणजे तुझी जागा माझ्यामुळे जाणार?"

"अजून गेली नाहीये."

"पण जाऊ शकते."

"जाऊ शकते," बाई म्हणाल्या.

मग बाबा म्हणाले, "मला वाटलं तुझ्या हातात काही डुगडुगायला नको. तुला आधीच सगळे तात्पुरती तात्पुरती म्हणतात."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी मला बाबांच्या डोळ्यांसमोर धरले, आधी कोपरा दाबून, मग सोडून. कोण कुणाच्या आड येते, कुणाला जागा मिळते, ते दाखवले. बाबांनी एक डोळा मिटून पाहिले, दुसरा मिटून पाहिले.

"हा एकटाच वर राहतो कायम?"

"नाही. पाळीपाळीने. पण पाचातली एक काडी अजून चिकटलेलीच आहे, म्हणून हाच वर येतो."

"हे बरोबर नाही मग," बाबा म्हणाले. "पाळी सगळ्यांना मिळाली पाहिजे."

ते उठले, पाणी कोमट करून आणले, जुने फडके भिजवले आणि माझ्या एकेका सांध्याला गुंडाळून बसले. सरस मऊ पडायला वेळ लागतो. रंग थोडा निघाला, दोन भोके फुगली. ती मग सुकल्यावर बारीक कानशीने घासावी लागली. ज्या माणसाने जन्मभर आवळले, तो आता सोडवत होता, आणि त्याचा हात त्याचे ऐकत नव्हता. काडी बसवली की बोटे आपसूक ती आत दाबत.

"एवढं पुरे?"

"अजून थोडं ढिलं, बाबा."

"अजून? पडेल हं."

"नाही पडणार."

"अगं, हे हलतंय."

"हो बाबा. हलू द्या."

दुसरा कुणी गाडी चालवत असताना बाजूला बसून ब्रेक दाबावासा वाटावा, तसा बाबांचा चेहरा झाला होता. पण त्यांनी केले. शेवटची काडी बसवून त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि हात मागे घेतले. एका हाताने दुसरा धरून ठेवला म्हणा ना. माझा एक कोपरा वर आला. बाईंनी टेबलाला हलकासा धक्का दिला आणि शेजारचा आला.

"आता याची पाळी," बाबा म्हणाले.

बाईंना ती जागा मिळाली. अध्यक्षांनी फोनवर अभिनंदन वगैरे थोडक्यात आटोपले आणि मग विचारले म्हणे, की सासरे बरे आहेत ना. बाबा त्या दिवसापासून हा किस्सा येईल त्याला सांगतात. त्यांच्या सांगण्यात सरस लावणारा माणूस दर वेळी थोडा कमी दोषी होत जातो. असू दे. माझ्या दोन भोकांच्या कडा कायमच्या फुगल्या आहेत आणि एक कोपरा बाकीच्यांपेक्षा आळशी झाला आहे, तेही मी चालवून घेतो. कुरकुर करतो, पण चालवून घेतो.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. केला तर तो कुणी ऐकेल असेही वाटत नाही. तरी एक विनंती आहे. तुमच्या घरात, वर्गात, दप्तरात एखादी वस्तू हलताना दिसली, एखादी तिरकी बसलेली दिसली, एखादे माणूससुद्धा, तर लगेच दाबून सपाट करू नका. मोडलेल्या वस्तू असतात, त्या जरूर दुरुस्त करा, आमच्यावर उपकार होतील. पण ती खरेच मोडली आहे का, हे आधी ज्याची आहे त्याला विचारा. आणि विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा. माझ्यासारख्यांना उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.